घरून व्हीपीएन चालवायला केबल बरं की डीएसएल? कोल्हापुरात मोजून ठरवायची पद्धत

स्पीड टेस्टमध्ये १०० एमबीपीएस दिसतात, व्हिडिओ कुठेही अडत नाहीत, आणि तरी पुण्याच्या ऑफिसचा व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या जाळ्यात नेणारी सुरक्षित वाट) जोडला की रिमोट डेस्कटॉपवरचा (घरी दिसणाऱ्या ऑफिसच्या संगणकाच्या पडद्यावरचा) बाण माउस हलवल्यावर अर्ध्या सेकंदाने हलतो. अशा वेळी बहुतेक जण मोठा प्लॅन घेतात आणि बाण तसाच रखडत राहतो. जाहिरातीतला आकडा डाउनलोडचा असतो. व्हीपीएन अडतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच तीन ठिकाणी: अपलोड किती आहे, पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात (हाच पिंग) व तो वेळ किती कमीजास्त होतो, आणि वाटेत किती पॅकेट हरवतात. केबल (केबल टीव्हीच्या तारेवरचं नेट) आणि डीएसएल (टेलिफोनच्या तारेवरचं नेट) यांच्यातला कामाचा फरक या तिन्हींत सापडतो, आणि तो तुमच्या गल्लीत काय आहे हे तुम्हालाच मोजावं लागतं.

आधी एक हिशोब पक्का करू. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. कोल्हापूर ते पुणे रस्त्याने सुमारे २३० किलोमीटर आणि मुंबई सुमारे ३८०. म्हणजे निव्वळ अंतरापोटी जाऊन-येऊन पुण्याला अडीच आणि मुंबईला चार मिलिसेकंद लागतात. तारांची वळणं धरून त्याच्या दुप्पट म्हणा. तुमचा पिंग ६० मिलिसेकंद येत असेल, तर उरलेले ५० घरापासून एक्स्चेंजपर्यंतच्या (टेलिफोन केंद्रापर्यंतच्या) तुकड्यात किंवा सेवा देणाऱ्याच्या जाळ्यात खर्च होतात. म्हणून शोधाची सुरुवात घरापासून करायची.

पहिली पायरी: भिंतीतून नक्की काय येतंय ते बघा

‘आमच्याकडे केबलचं नेट आहे’ या वाक्याचे कोल्हापुरात निदान तीन अर्थ होतात. मॉडेमच्या मागे कोणती तार जाते ते पाहिल्याशिवाय पुढचं काहीच लागू पडत नाही.

टेलिफोनची बारीक दोन तारांची जोडी आणि फोनसारखी छोटी पिन असेल, तर ते डीएसएल. टीव्हीला येते तशी जाड गोल काळी किंवा पांढरी तार आणि पेचाने फिरवून बसवायचा कनेक्टर थेट मॉडेममध्ये जात असेल, तर ते खरं केबल इंटरनेट. त्याच्या तंत्राला डॉक्सिस म्हणतात. जिन्यातल्या डब्यातल्या स्विचमधून निळी किंवा करडी, आठ तारांची, रुंद पारदर्शक पिनची वायर येत असेल, तर ते केबलवाल्याचं लॅन आहे. केसासारखी बारीक काच असलेली तार, टोकाला हिरवा किंवा निळा प्लास्टिकचा कनेक्टर, ते फायबर. मग ते केबलवाल्याने दिलेलं असो किंवा टेलिफोन कंपनीने.

तुमच्या दारापर्यंत फायबर येत असेल तर केबल की डीएसएल हा वाद तिथेच संपतो, फायबर घ्या. मात्र पुढची मोजणी, एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) आणि सीजीनॅट (अनेक ग्राहकांत वाटलेला एकच बाहेरचा पत्ता) हे भाग फायबरवाल्यांनाही तसेच लागू आहेत.

डीएसएल: सगळा खेळ तारेच्या लांबीचा

डीएसएलचा जुना प्रकार एडीएसएल२+, त्याची कमाल मर्यादा २४ एमबीपीएस डाउनलोड आणि सुमारे १.४ एमबीपीएस अपलोड. हा आकडा एक्स्चेंजपासून किलोमीटरभराच्या आत मिळतो. दोन किलोमीटरवर डाउनलोड १५ च्या आसपास, तीनवर आठ, चारवर चार-पाच आणि पाच किलोमीटरवर दीड-दोन एमबीपीएस उरतो. व्हीडीएसएल२ हा नंतरचा प्रकार जवळच्या अंतरात फार पुढे जातो, अर्ध्या किलोमीटरवर ५० एमबीपीएससुद्धा देतो. पण दीड किलोमीटरनंतर तो आणि एडीएसएल२+ जवळपास सारखेच.

इथे अंतर म्हणजे तांब्याच्या तारेचं. एक्स्चेंज गच्चीवरून दिसत असलं तरी तार पिलर, डीपी बॉक्स (रस्त्यावरच्या, तारा जोडायच्या पेट्या), पुन्हा दुसरा डीपी असं फिरून येते. म्हणून नकाशावर न मोजता मॉडेमलाच विचारा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाका, लॉगिन करा आणि ‘स्टेटस’ मध्ये डीएसएलचं पान उघडा. चार आकडे वहीत उतरवा.

अटेन्युएशन म्हणजे तारेत सिग्नल किती विरला. ढोबळ हिशोब असा की १४ डीबी म्हणजे साधारण एक किलोमीटर तार. ३० च्या खाली असेल तर लाइन छान, ३० ते ४५ चालण्यासारखी, ४५ च्या वर गेली की व्हीपीएनसाठी तिच्यावर विसंबू नका, आणि ६० म्हणजे ती लाइन फक्त फोनसाठी.

एसएनआर मार्जिन म्हणजे गोंगाटापासून राखलेलं अंतर. ६ डीबीच्या खाली गेलं की लाइन तुटते-जुळते, आणि दर वेळी व्हीपीएन नव्याने जोडावा लागतो. १० च्या वर असेल तर निश्चिंत. हा आकडा दुपारी आणि रात्री असा दोनदा बघा. रात्री चार-पाच डीबीने पडत असेल, तर शेजारच्या जोड्यांचा किंवा घरातल्या एखाद्या खराब अ‍ॅडॉप्टरचा गोंगाट तारेत येतोय.

उरलेले दोन आकडे डाउनस्ट्रीम आणि अपस्ट्रीम सिंकचे, म्हणजे मॉडेम आणि एक्स्चेंज यांच्यात जुळलेल्या डाउनलोड-अपलोड वेगाचे. एडीएसएलवर डेटा ५३ बाइटच्या सेलमध्ये भरून जातो आणि त्यात तुमचा माल ४८ बाइटच असतो. त्यामुळे १ एमबीपीएस अपस्ट्रीम सिंक दिसला तरी हाताशी ८५० केबीपीएसच्या आसपासच येतं. व्हीपीएनमुळे हा तोटा वाढतो, आणि छोट्या पॅकेटांना तो जास्त बोचतो. उदाहरण घ्या. साध्या दर्जाच्या इंटरनेट कॉलचं एक पॅकेट २०० बाइटचं आणि सेकंदाला ५० पॅकेट, म्हणजे ८० केबीपीएस. वायरगार्ड या प्रकारच्या व्हीपीएनमधून गेल्यावर ते २६८ बाइटचं होतं. त्यावर पीपीपीओई (लॉगिन करून जोडण्याची पद्धत) आणि एटीएम (वरच्या सेलची पद्धत) यांची सुमारे ४० बाइटची वेष्टणं चढतात. हे ३०८ बाइट भरायला सात सेल लागतात, म्हणजे ३७१ बाइट. तारेवर प्रत्यक्ष खर्च १४८ केबीपीएस, जवळपास दुप्पट. ८५० केबीपीएसच्या लाइनवर असे दोन कॉल आणि मागे एखादी फाइल सिंक होत असली की आवाज तुटणारच. व्हीडीएसएल२ मध्ये हे सेल नसतात, तिथला तोटा किरकोळ.

डीएसएलच्या पिंगमध्ये आणखी एक वाटेकरी आहे, इंटरलीव्हिंग. आवाजाच्या झटक्यात खराब झालेला डेटा दुरुस्त करता यावा म्हणून उपकरण तो इकडेतिकडे विखरून पाठवतं. त्यामुळे लाइन टिकते, पण पहिल्याच टप्प्याचा पिंग १० वरून ३० ते ४० मिलिसेकंदांवर जातो. अटेन्युएशन ३० च्या खाली आणि मार्जिन १० च्या वर असेल, तर एक्स्चेंजमध्ये ‘फास्ट प्रोफाइल (इंटरलीव्हिंग बंद) करून द्या’ अशी लेखी विनंती करायला हरकत नाही. लाइन लांब किंवा गोंगाटाची असेल तर मात्र मागू नका. पिंग कमी होईल आणि पॅकेट गळायला लागतील, जे व्हीपीएनला जास्त महागात पडतं.

लाइन सुधारण्याचं काम घरातूनच सुरू होतं. मॉडेमला आलेली तार पहिल्या सॉकेटपासून सरळ आणा, मधे एकही जोड नको. स्प्लिटर सगळ्यात आधी लावा आणि फोन त्याच्या फोनच्या तोंडाला. बेडरूमला, दुकानाला गेलेल्या समांतर तारा काढून टाका. टोक मोकळी सोडलेली तार सिग्नल परत फेकते. मग लँडलाइन उचला, एक आकडा दाबून डायलटोन घालवा आणि शांततेत ऐका. खरखर ऐकू आली तर दोष बाहेरच्या जोडात आहे. अशा वेळी लाइनमनला ‘नेट स्लो आहे’ असं सांगितलं की तो मॉडेम रीस्टार्ट करून जातो. ‘फोनवर खरखर आहे, पाऊस पडला की वाढते, मार्जिन १२ वरून ५ वर येतं’ असं सांगितलं की डीपी उघडला जातो.

कोल्हापूरच्या पावसाचा विचार इथे करावाच लागतो. जूननंतर डीपी बॉक्समध्ये ओल चढते आणि तांब्याच्या जोडांवर हिरवट गंज धरतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी जिथे शिरलं, त्या सखल भागात डीएसएल घेताना लाइन पावसाळ्यात कशी राहते हे शेजाऱ्यांना विचारून घ्या. उन्हाळ्यात केलेली चाचणी तिथे पुरेशी नाही.

केबल: वेग भरपूर, पण वाटून घेतलेला

खऱ्या केबलमध्ये एका नोडवरची (भागाला सिग्नल वाटणाऱ्या पेटीवरची) शंभर-दोनशे घरं एकच तार वाटून घेतात. डाउनलोडला जागा भरपूर असते. अपलोडला मात्र ५ ते ४२ किंवा ६५ मेगाहर्ट्झ एवढाच अरुंद पट्टा, आणि तिथे मॉडेमला प्रत्येक वेळी ‘मला पाठवायचंय’ अशी मागणी करून पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. एरवी यात पाच-दहा मिलिसेकंदच जातात. रात्री आठ ते अकरा, सगळी गल्ली घरी आल्यावर, हाच आकडा पाचावरून पन्नासावर उड्या मारायला लागतो. डीएसएलचा पिंग जास्त असला तरी दिवसभर सारखा असतो. केबलचा कमी असतो आणि रात्री नाचतो. रिमोट डेस्कटॉपवर एकसारखा ४० मिलिसेकंद परवडतो, पण १५ ते १२० मध्ये झुलणारा पिंग डोकं दुखवतो.

केबल मॉडेमचं पान सहसा १९२.१६८.१००.१ वर उघडतं. डाउनस्ट्रीम पॉवर उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या आत हवी, एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) ३३ डीबीच्या वर हवा आणि अपस्ट्रीम पॉवर ३५ ते ४९ मध्ये. अपस्ट्रीम ५० च्या पुढे असेल तर मॉडेम घसा ताणून ओरडतोय असं समजा; मधे कुठेतरी सिग्नल गळतोय. लॉगमध्ये ‘टी३’ आणि ‘टी४ टाइमआउट’ (पलीकडून वेळेत उत्तर न आल्याची नोंद) दिसत असतील किंवा दुरुस्त न झालेले कोडवर्ड (डेटाचे खराब तुकडे) तासातासाला वाढत असतील, तर व्हीपीएन तुटण्याचं कारण सापडलं.

दोष बहुतेक वेळा स्प्लिटरमध्ये निघतो. दोन तोंडांचा स्प्लिटर साडेतीन डीबी खातो, चार तोंडांचा सात. तीन टीव्ही आणि मॉडेम एकाच चार तोंडांच्या स्प्लिटरवर असतील, तर आधी दोन तोंडांचा स्प्लिटर लावा: एक तोंड थेट मॉडेमला, दुसऱ्यावर टीव्हीचा स्प्लिटर. रिकाम्या तोंडावर ७५ ओहमचं टर्मिनेटर बसवा. तार आरजी-६ हवी. पिळून चिकटपट्टी मारलेला जोड दिसला तर तो कापून नवा कनेक्टर दाबून बसवून घ्या. अपलोडच्या पट्ट्यात बाहेरचा गोंगाट शिरतो तो याच ढिल्या जोडांतून, आणि एका घरातला सैल जोड सगळ्या नोडला त्रास देतो.

जिन्यातल्या स्विचवरून आलेल्या लॅनची गोष्ट वेगळी आहे. तिथे अपलोड आणि डाउनलोड सहसा सारखंच मिळतं, त्यामुळे व्हीपीएनसाठी ते डीएसएलपेक्षा कितीतरी सरस ठरू शकतं. अट एवढीच की वायर १०० मीटरच्या आत असावी आणि स्विचवर स्विच अशी लांब माळ नसावी. गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या वायरींना वळवाच्या पावसातली वीज सोसत नाही; एप्रिल-मेमध्ये जळणारे पोर्ट हेच असतात. पोर्ट अर्धवट जळाला की दुवा १०० वरून १० एमबीपीएसवर उतरतो किंवा पॅकेट गळतात, आणि स्विचवरचा दिवा मात्र हिरवाच राहतो. केबलवाल्याला विचारायचे प्रश्न दोनच: फायबर माझ्या इमारतीत येतं की दुसऱ्या गल्लीत थांबतं, आणि जिन्यातल्या स्विचला बॅकअप आहे का.

मोजणी: तीन दिवस, दिवसातून तीनदा

वाय-फाय बंद करा आणि लॅपटॉप वायरने राउटरला जोडा. हे टाळलं तर पुढचे सगळे आकडे भिंतींचे असतील, लाइनचे नाहीत. सकाळी दहा, दुपारी तीन आणि रात्री नऊ या वेळा धरा. एक दिवस रविवार असू द्या.

व्हीपीएन न जोडता कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘ट्रेसर्ट ८.८.८.८’ चालवा. राउटरनंतरचा पहिला पत्ता म्हणजे तुमच्या सेवेचा पहिला टप्पा. त्याला ‘पिंग -एन १००’ असे शंभर पिंग पाठवा. (आज्ञा आणि आकडे टाइप करताना इंग्रजी लिपीतले, छोट्या अक्षरांत.) सरासरी, सर्वांत जास्त आणि हरवलेली टक्केवारी लिहून ठेवा. काही ठिकाणी पहिला टप्पा पिंगला उत्तरच देत नाही. मग पुढचा धरा. नंतर हेच ऑफिसच्या व्हीपीएन सर्व्हरच्या पत्त्याला करा. पहिल्या टप्प्यावरच १२ मिलिसेकंद कधी १५० होत असतील, तर दोष तुमच्या गल्लीत आहे. तिथे स्वच्छ आणि पुढे खराब असेल, तर सेवा देणाऱ्याच्या जाळ्यात.

आता एखादी मोठी फाइल ड्राइव्हवर अपलोडला लावा आणि ती चढत असताना पुन्हा पिंग मोजा. ही चाचणी बहुतेक लोक करतच नाहीत, आणि व्हीपीएनची अर्धी दुखणी इथे उघडी पडतात. मॉडेममध्ये ६४ केबीची रांग साचली आणि अपलोड ८०० केबीपीएस असेल, तर रांगेच्या शेवटच्या पॅकेटला बाहेर पडायला ०.६५ सेकंद लागतो. तुमच्या माउसची हालचाल त्याच रांगेत उभी असते. रिकाम्या लाइनवर ३० आणि अपलोड चालू असताना ६०० असा फरक आला, तर लाइन बदलण्याआधी राउटर बदला.

पॅकेट गळतीला कमी लेखू नका. जुन्या धाटणीच्या टीसीपीचं (हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवणाऱ्या पद्धतीचं) गणित सांगतं की ४० मिलिसेकंदांच्या वाटेवर १ टक्का पॅकेट हरवत असतील, तर एका फाइलचा वेग ३.३ एमबीपीएसच्या पुढे जात नाही, मग प्लॅन ५० चा असो किंवा ३०० चा. तीच गळती ०.१ टक्क्यावर आली तर मर्यादा साडेदहा एमबीपीएस. म्हणून आमचा निकष असा: गळती अर्ध्या टक्क्याखाली, पहिल्या टप्प्याचा पिंग ४० च्या खाली, आणि रात्री नऊचा सर्वांत जास्त आकडा सरासरीच्या तिप्पटीत. या तिन्हींत जी लाइन बसते ती घ्या, नाव कुठलंही असो.

शेवटी व्हीपीएन जोडून ऑफिसच्या सर्व्हरवरून १०० एमबीची एक फाइल उतरवा, तीच परत चढवा आणि घड्याळ लावा. बाजारातला विकतचा व्हीपीएन वापरत असाल तर एक खबरदारी: लॉग ठेवण्याबाबतचे नवे नियम आल्यावर २०२२ मध्ये अनेक कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढले. यादीत ‘भारत’ लिहिलेलं असलं तरी यंत्र सिंगापूरला असू शकतं. तेव्हा वाढलेला पिंग केबल किंवा डीएसएलच्या माथी मारू नका.

ज्या टोकाला सर्व्हर, त्या टोकाचं अपलोड

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात टॅली किंवा ड्रॉइंगचा सर्व्हर असतो आणि मालक राजारामपुरीतल्या घरून जोडतात. घरी २०० एमबीपीएस घेतलं तरी काही फरक पडत नाही, कारण घरचं डाउनलोड म्हणजे कारखान्याचं अपलोड. तिथे डीएसएल असेल तर सगळा व्यवहार ८५० केबीपीएसच्या नळीतून होतो: ५० एमबीचं पॅटर्नचं ड्रॉइंग यायला आठ मिनिटं. कारखान्यात १० एमबीपीएस अपलोड असेल तर ४० सेकंद. अशा ठिकाणी पैसे कारखान्याच्या लाइनवर घाला. घरचं आहे तेच पुरतं. फाइल ओढण्याऐवजी कारखान्यातल्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने काम केलं, तर साध्या टॅलीच्या पडद्याला तेवढं अपलोडही चालून जातं.

जोडतो, पण फाइल उघडत नाही: एमटीयू

व्हीपीएन जोडला जातो, पिंग लागतो, साधी पानं उघडतात. मोठी फाइल किंवा अटॅचमेंट मात्र सुरू होऊन थिजते, रिमोट डेस्कटॉपचा पडदा काळा राहतो. ही लक्षणं एमटीयूची. साध्या जाळ्यात पॅकेट १५०० बाइटचं असतं. डीएसएलवर आणि कित्येक केबलवाल्यांच्या लॅनवरही पीपीपीओई असतं, ते ८ बाइट घेतं, उरतात १४९२. त्यात व्हीपीएनचं वेष्टण चढलं की पॅकेट मावत नाही, आणि मधला एखादा राउटर काहीही न कळवता ते टाकून देतो.

व्हीपीएन बंद ठेवून ‘पिंग -एफ -एल १४७२ ८.८.८.८’ करा. उत्तर आलं तर वाट १५०० ची आहे. ‘फ्रॅगमेंट करावं लागेल’ असा निरोप आला किंवा काहीच आलं नाही, तर १४६४ करून बघा. ते गेलं तर १४९२. तेही नाही गेलं तर दहा-दहाने उतरत जा आणि गेलेल्या आकड्यात २८ मिळवा. हा राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) सेटिंगमधला एमटीयू. वायरगार्डमध्ये त्यातून ८० वजा करा. १५०० ला १४२०, १४९२ ला १४१२. ओपनव्हीपीएन या दुसऱ्या प्रकारात ‘एमएसएसफिक्स’ १३६० ठेवून पाहा. राउटरमध्ये ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ (पॅकेट आपोआप लहान ठेवण्याची सोय) असेल तर ते चालू करा. ऑफिसच्या बंद क्लायंटमध्ये हात घालता येत नसेल, तर तुमचा सापडलेला आकडा आयटीवाल्यांना कळवा. त्यांच्या बाजूने दोन मिनिटांचं काम आहे.

सीजीनॅट आणि कोणता व्हीपीएन कुठे चालतो

राउटरच्या वॅन पानावरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. अनेक ग्राहक मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरतात. बाहेर जाणारा व्हीपीएन सहसा चालतो. घरी किंवा दुकानात व्हीपीएन सर्व्हर ठेवायचा असेल तर मात्र नाही, त्यासाठी स्टॅटिक आयपी (न बदलणारा स्वतःचा पत्ता) वेगळा मागून घ्यावा लागतो. पीपीटीपी हा जुना व्हीपीएन अशा जाळ्यात बऱ्याचदा अडतो, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनेही तो सोडूनच द्यायला हवा. आयपीसेक प्रकारच्या व्हीपीएनला यूडीपी (हरवलेलं पॅकेट पुन्हा न पाठवणारी पद्धत) पोर्ट ५०० आणि ४५०० मोकळे हवेत; एकाच घरातून दोघांनी एकाच ऑफिसला एल२टीपीने (आयपीसेकवर चालणाऱ्या व्हीपीएनने) जोडलं की पहिला तुटतो, हा त्यातला जुना दोष.

दोन-पाच मिनिटं काहीच न पाठवता बसल्यावर व्हीपीएन गळून पडत असेल, तर मधल्या नॅटने (पत्ते बदलणाऱ्या राउटरने) तुमची नोंद पुसलेली असते. वायरगार्डमध्ये ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा. पर्याय असेल तिथे यूडीपी निवडा. टीसीपी पोर्ट ४४३ वरचा व्हीपीएन हॉटेलच्या जाळ्यातून निसटायला उपयोगी, पण गळक्या डीएसएलवर तो घातक ठरतो: आतलं टीसीपी आणि बाहेरचं टीसीपी दोन्ही हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवत बसतात आणि एका झटक्याने सगळं काही सेकंद थांबतं.

आहे त्याच लाइनवर करता येण्यासारखं

सगळ्यात मोठा फायदा रांग आटोक्यात आणण्याने होतो. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मोफत प्रणाली) चालणारा राउटर घ्या, त्यात एसक्यूएमचं (रांग आवरणारं) पॅकेज टाका, ‘केक’ ही पद्धत निवडा आणि मोजलेल्या अपलोडच्या ८५ ते ९० टक्के मर्यादा घाला. एडीएसएल असेल तर लिंक लेयर एटीएम आणि ओव्हरहेड ४४ ठेवा. हे विसरलं तर छोट्या पॅकेटांचा हिशोब चुकतो आणि रांग पुन्हा साचते. रात्री वेग पडणाऱ्या केबलवर मर्यादा सकाळच्या आकड्यावरून न ठरवता रात्री नऊच्या आकड्यावरून ठरवा.

ऑफिसला ‘स्प्लिट टनेल’ चालतं का ते विचारा. ते मिळालं तर फक्त ऑफिसची वाहतूक व्हीपीएनमधून जाते आणि व्हिडिओ मीटिंग थेट. डीएसएलवर याने पडणारा फरक प्लॅन दुप्पट करण्यापेक्षा मोठा असतो. ऑफिसने नकार दिला तर गुपचूप करू नका, तो त्यांच्या सुरक्षेचा निर्णय आहे.

वीज गेली की काय होतं तेही निवडीत धरा. एक्स्चेंजला बॅटरी आणि जनरेटर असतो, म्हणून डीएसएलला फक्त घरचा मॉडेम जिवंत ठेवावा लागतो. केबलचा अँप्लिफायर खांबावर आणि स्विच जिन्यात. त्यांची वीज गेली तर घरच्या इन्व्हर्टरचा उपयोग नाही. १२ व्होल्ट १ अँपिअरच्या राउटरला ८,८०० एमएएचचा छोटा डीसी यूपीएस साधारण दोन तास पुरतो.

काम बंद पडणं परवडतच नसेल तर दोन लाइन ठेवा: रोजच्या कामाला केबल किंवा फायबर, आधाराला स्वस्तातला डीएसएल किंवा मोबाइल डोंगल. दोन्ही एकाच कंपनीचे नकोत. दोन वॅनचा राउटर लाइन आपोआप बदलतो. त्यात वायरगार्ड आणि मोबाइक (पत्ता बदलला तरी जोडणी टिकवणारी सोय) असलेला आयकेईव्ही२ व्हीपीएन न तुटता पुढे चालतात, ओपनव्हीपीएन बहुतेक वेळा नव्याने जोडावा लागतो.

नवी लाइन घेताना सहा महिन्यांचं स्वस्त पॅकेज आधी घेऊ नका. एक महिन्याचं घ्या, वरची नऊ मोजमापं करा आणि तोपर्यंत जुनी लाइन तोडू नका. तक्रार करायची वेळ आली तर तारीख, वेळ, पहिल्या टप्प्याचा पत्ता, शंभर पिंगांची सरासरी आणि गळती एवढं लेखी द्या, तक्रार क्रमांक घ्या. आणि जुनी लाइन बंद करताना मॉडेम परत केल्याची पोच घ्या, अनामत रक्कम त्याशिवाय सुटत नाही.